तिसरी चूल

हुमनाबाद, ८ सप्टेंबर १९८६

एकतीस वर्षं वीज बोर्डाच्या नोकरीत दुसऱ्यांची मीटरं वाचली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी कुणाच्या घरी गेलो की नजर आधी दाराच्या वर जाते. आकडा किती, चकती कशी फिरते, वायरीला कुठं चोरून जोड दिलाय का. शारदा म्हणायची, लोकांच्या घरी गेल्यावर माणसांची तोंडं बघावीत. तिला जाऊन या श्रावणात दोन वर्षं झाली.

आज पांडुरंगराव वकील आले होते. त्यांच्या मंडळाचं हळ्ळीखेडला मुलींचं बोर्डिंग आहे, चौतीस मुली आहेत. सरकारी लाकूड-डेपोतून मिळणाऱ्या जळणाचा परवाना पाडव्यापासून निम्मा होणार. मंडळानं ठरवलंय की तोवर जळण निम्म्यावर आलं तर बोर्डिंग ठेवायचं, नाही तर बंद करून मुली बिदरला पाठवायच्या. बिदरला म्हणजे घरी, हे वकिलांनाही कळतं. इथल्या बापांना हळ्ळीखेडच लांब वाटतं. विजेचंही जरा बघा म्हणाले. मी विचार करून सांगतो म्हणालो, आणि ते जिना उतरायच्या आत वरूनच हो म्हणून टाकलं.

माळ्यावरून जुनं रीडिंग-बुक काढलंय. उजव्या पानावर आकडे लिहीन. डाव्या पानावर हे.

१० सप्टेंबर

अकराच्या बसनं गेलो. इमारत दगडी, वर मातीचं माळवद, खोल्या अंधाऱ्या. भर दुपारी शंभराचे सहा बल्ब जळत होते आणि मुली तर शाळेत. मी एकेक बटण बंद करत फिरलो. मागून आवाज आला, "काय मोजायलाव ओ साहेब?"

या सत्यभामाबाई. बोर्डिंग यांच्या ताब्यात. माहेर-सासर दोन्ही खटकचिंचोळीकडचं, शेतकरी घर, विधवा होऊन वीस वर्षं झाली, त्यातली बारा इथं. वय असेल अठ्ठेचाळीस-पन्नास. उभ्या राहतात त्या तराजूच्या काट्यासारख्या. स्वयंपाकाला चंद्रम्मा म्हणून लिंगायत बाई आहे, तिनं आल्या आल्या मला अण्णा केलं आणि मी कुठला, कुणातला, घरात कोण कोण, सगळं दहा मिनिटांत काढून घेतलं. मीही बोलत सुटलो. फार दिवसांनी कुणी विचारत होतं. शारदेचं सोवळं सांगितलं, आमच्या घरात तिनं कांदा-लसूण कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही हेही सांगितलं. सत्यभामाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

निघताना म्हणाल्या, उद्यापास्नं दुपारचं हितंच जेवत जावा.

१९ सप्टेंबर

आठ दिवस जळण काट्यावर तोलून देतोय. रोज सरासरी ऐंशी किलो. चाळीसावर आणायचं आहे. स्वयंपाकाच्या दोन मोठ्या चुली म्हणजे तीन-तीन दगड आणि मध्ये आग. निम्मी आग पातेल्याला लागते, निम्मी चंद्रम्माला.

खोल्यांतली छपराची साणी, म्हणजे उजेडाची भोकं, कुणीतरी मागेच मातीनं बुजवून टाकली होती. ती उकरून काढली, वर काच बसवली. खोलीत एकदम ऊन उतरलं, मुली टाळ्या पिटायला लागल्या. आता दिवसा एकही बल्ब लागत नाही, संध्याकाळी चाळीसाचे पुरतात.

जेवण इथलं उत्तम. मुली दहाला जेवून शाळेत जातात. मला एक वाजता ताट येतं तरी भाकरी गरम आणि भाजी वाफाळती असते. बाई व्यवस्थेच्या पक्क्या आहेत. आणि नवल म्हणजे भाजीत कांदा-लसूण नाही. शेतकरी घरची बाई चौतीस मुलींना कांद्यावाचून जेवू घालते, हे मी प्रथमच पाहिलं. कोठीत कांद्याची चार पोती आहेत, ती विकायला ठेवली असतील. जळणाच्या खोलीत जायला त्यांच्यावरून उडी मारावी लागते.

चार वाजता चहा. पितळी फुलपात्रात, घासून लख्ख केलेल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

रविवारी बोर्डिंगला जायचं कारण नाही. मोजणी सोमवार ते शनिवार.

सकाळी कपडे धुतले. दुपारी हायवेवरच्या ढाब्यावर जेवलो. तिथले ड्रायव्हर मला ओळखतात, कांदा न मागता येतो. शारदा असती तर घरात घेतलं नसतं. नोकरीत दौऱ्यावर असताना चोरून खायचो आणि घरी येण्याआधी बडीशेप चावायचो. आता चोरायचं कुणापासून? तोंडाला वास आला तरी विचारणारं कुणी नाही, हेच त्या कांद्यात जास्त झोंबतं.

चार वाजता उगाच घड्याळ पाहिलं. रविवार फार लांबतो.

१४ ऑक्टोबर

दोन्ही चुलींच्या जागी निर्धूर चुली बांधून झाल्या. सिद्धलिंगप्पा मिस्त्रीनं बांधल्या, मापं माझी. प्रत्येकीला एका तोंडानं जाळ घालायचा, वर तीन पातेली, मागं धुराडं. मला वाटत होतं की बाई खूश होतील. त्या वर माळवदाच्या लाकडांकडे बघत राहिल्या.

"धूर न्हाई म्हणल्यावर वाळवी लागंल की ओ. शंभर वर्सं ह्या धुरानंच राखलंय ह्या तुळयांना."

एकतीस वर्षांच्या नोकरीत धुराचा काही उपयोग असतो हे कुठल्या सर्क्युलरात आलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की दर अमावास्येला खोल्या बंद करून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर द्यायचा. तेवढं जळण मी हिशोबात धरीन. त्या हसल्या. एवढ्या दिवसांत प्रथमच हसल्या असतील. उजव्या पानावर लिहिण्यासारखं हे नाही, पण लिहावंसं वाटलं.

आजचं जळण ५९.

७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. बोर्डिंगला कुलूप आहे. बाई खटकचिंचोळीला दिराकडे गेल्या. जाताना तोंड उतरलेलं होतं. तिथं त्यांची गरज फक्त सुगीला असते, असं चंद्रम्मा म्हणाली. बोर्डिंग बंद झालं तर त्यांना तीच एक ओसरी. चौतीस मुलींचं मी धरून चाललो होतो. ही पस्तिसावी माझ्या ध्यानात आली नव्हती.

मुलाकडे पुण्याला गेलो होतो. पंधरा दिवस राहा म्हणत होता, मी पाचव्या दिवशी परतलो. सून चांगली आहे. गॅसवर दोन मिनिटांत चहा होतो आणि कप टेबलावर येतो. मुलानं विचारलं, इतकी घाई कशाची? मी म्हटलं, जळणाच्या नोंदी राहतात. तो म्हणाला, अप्पा, बोर्डिंग बंद आहे ना? मी म्हटलं, मोकळ्या इमारतीच्याही नोंदी असतात.

कसल्या नोंदी, देव जाणे.

१८ नोव्हेंबर

बोर्डिंग गेल्या गुरुवारी उघडलं. पहिल्या बसनं गेलो.

गच्चीवर दोन लोखंडी पिंपं काळी रंगवून ठेवली. दुपारच्या उन्हात पाणी चांगलं कढत होतं. अडचण एकच, मुलींनी सकाळच्याऐवजी शाळेतून आल्यावर अंघोळ करायची. यावर दोन दिवस वाद. पारोशानं कसं जेवायचं? बाईंनी तोडगा काढला, सकाळी थंड पाण्यानं हातपाय-तोंड, संध्याकाळी अंघोळ. त्यांनी सांगितल्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. पाण्याचा बंब बंद झाला. जळण ४८.

एक गोष्ट मात्र खटकते. मिस्त्री, चंद्रम्मा, मुली, बसचा कंडक्टरसुद्धा मला अण्णा म्हणतो. ही बाई मात्र साहेबच्या पुढे सरकत नाही. आज मी हसत म्हटलं, आता अण्णा म्हणायला हरकत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळे म्हणतेत की. मी न्हाई म्हणायची." आणि आत गेल्या.

दोन महिने एका जागी काम करून इतका परकेपणा. माझं काही चुकलं असेल का?

३१ डिसेंबर

काल येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. सगळा मुलूख शेतात, आणि हुमनाबादेत मी नि बसस्टँडवरची कुत्री. भज्जी, उंडे, आंबील, ज्वारीच्या उभ्या पिकात बसून खायचं. शारदेला शेत नव्हतं तरी ती दरवर्षी कुणाच्या तरी शेतात आम्हाला घेऊन जायची. काल वाटलं, खटकचिंचोळीकडची एखादी बस पकडावी. कुणी बोलावलं नसताना जायचं कसं? स्टँडवर तास-दीड तास बसलो आणि घरी आलो.

आज गेलो तर बाईंनी पुढ्यात डबा ठेवला. "तुमचं येगळं केलंय. त्यात कायबी न्हाई." भज्जी जरा सपक होती, लसूण नसल्यानं असेल. पण मी बोटं चाटून खाल्ली. त्या समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या हाताला थंडीनं भेगा पडल्या होत्या, आवाजही बसला होता. मी म्हटलं, थंडीत गार पाण्यात काम करत जाऊ नका. त्या म्हणाल्या, "सवय हाय."

१५ जानेवारी १९८७

काल संक्रांत. तिळगूळ मिळाला. पण आकडा ४७ वर अडकलाय आणि महिना होत आला, हलत नाही. नव्या चुलींना किती लागतं ते मी तीन दिवस समोर बसून तोललं. चाळीसच्या वर एक काटकी लागत नाही. मग सात किलो रोज कुठं जातात? ही गळती आहे. गळतीचा वास मला झोपेतही येतो.

आज पिंपाचा नळ बघायला गच्चीवर चढलो. दुपारचा एक वाजायला आला होता. मोठ्या चुलींची धुराडी थंड, आणि मागं गोठ्याच्या आडून धुराची एक रेघ वर चाललेली. खाली उतरून गेलो. गोठ्यामागच्या पडवीत एक लहान चूल. शेणानं सारवलेली, पुढं चार ठिपक्यांची रांगोळी, वर झाकण घातलेलं पितळी पातेलं. मंद जाळ. कुणी नव्हतं तिथं, फक्त दोरीवर एक ओलं लुगडं वाळत होतं.

माझ्या लगेच ध्यानात आलं. चंद्रम्मा लिंगायत, गळ्यात लिंग. मुलींत सगळ्या जातीच्या पोरी. ती आपलं वेगळं रांधत असणार.

आता विचारायचं कसं? आपल्या भागात कुणाची वेगळी चूल दिसली तर कामून म्हणून विचारत नाहीत. माझ्या आईची वेगळी होती, शारदेची वेगळी होती. वेगळी चूल म्हणजे माणसाचा देव्हारा, त्यात डोकावू नये. मी आल्या पावली परत फिरलो आणि ऑफिसात येऊन बसलो. पाच मिनिटांनी ताट आलं.

९ फेब्रुवारी

पांडुरंगराव तपासणीला आले. सत्तेचाळीस म्हणजे चाळीस नव्हे, म्हणाले. मंडळातले दोघेतिघे बोर्डिंग बंद करायलाच टपले आहेत, त्यांना सात किलोही पुरतील. हे सगळं बाईंच्या समोर झालं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

ते गेल्यावर मी कागद घेतला. तोंडानं बोलवेना म्हणून लिहून दिलं: "गोठ्यामागील तिसरी चूल बंद करावी. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनी समजून घ्यावे, प्रश्न बोर्डिंगचा आहे." जात-पात, नाव, काही घातलं नाही. कुणाला लागायला नको.

बाईंनी कागद वाचला. परत वाचला. मग विचारलं, "ही तुमचीच इच्छा हाय का, साहेब?"

मी म्हटलं, माझीच.

"तुमाला ठावं हाय, ती कुणासाठी हाय ते?"

मी म्हटलं, ठाऊक आहे, पण इलाज नाही. त्यांनी कागदाची घडी केली, कमरेला खोचली, आणि उद्या मोडते म्हणाल्या.

१० फेब्रुवारी

चूल बाईंनी स्वतःच्या हातानं मोडली. राख गुलाबाच्या चार झाडांना घातली. चंद्रम्मा माझ्याकडे असं बघत होती की मी तिचं घर मोडलं. साहजिक आहे.

जळण ४०. आकडा वाचून टाळी वाजवावीशी वाटली. एक वाजला. मी चष्मा पुसत बसलो. दीड वाजला. रीडिंग-बुकातल्या जुन्या बेरजा तपासल्या. दोन वाजता कळलं की ताट येणार नाही. चार वाजता चहाही आला नाही. बाई कोठीत धान्य निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मैत्रिणीसाठी राग धरलाय. असू दे. काम झाल्याशी मतलब.

हुमनाबादेत उतरून ढाब्यावर जेवलो. ड्रायव्हर म्हणाला, अण्णा, आज रविवार नसताना? मी सांगितलं, आजपासून रोज.

२० फेब्रुवारी

३९. चहा नाही.

२६ फेब्रुवारी

३९. सर्दीचं औषध घेऊन गेलो होतो, त्यांच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी तिथंच होतं.

४ मार्च

आज खरं लिहितो. हे पुस्तक कुणी वाचणार नाही.

काम संपलंय. आकडा स्थिर आहे, मुलीच आता काटा धरून जळण तोलतात. माझ्याहून नीट तोलतात. तरी रोज अकराच्या बसला मी स्टँडवर उभा असतो. बस फाट्यावरून वळली की मी उठून दाराशी उभा राहतो. आत शिरलो की आधी बाईंच्या चपला दाराशी आहेत का बघतो. मग दिवसभर एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत त्या. मधल्या भिंतीतून त्यांच्या सुपाचा आवाज येतो तेवढाच.

मला वाटायचं ही शारदेची आठवण आहे. शारदा आठवतेच, ती आठवणार नाही असा दिवस यायचा नाही. पण शारदेची आठवण आली की मी डोळे मिटून बसतो. इथं मात्र मी दाराकडे डोळे लावून बसतो. एकसष्टाव्या वर्षी माणसानं असं कुणाची वाट बघू नये. बघतो आहे. काय करावं ते कळत नाही.

कुणी नुसतं विचारावं, साहेब, जेवलाव का.

३० मार्च, पाडवा

मंडळाची सभा बोर्डिंगातच झाली. पांडुरंगरावांनी आकडे वाचून दाखवले. ऐंशीचे एकोणचाळीस झाले, वीज तिसऱ्या हिश्शावर आली. बोर्डिंग राहणार. मुलींनी मागं बसून एकमेकींचे हात दाबले. मला शाल आणि नारळ. इतर गावांतल्या तीन संस्थांनी अशी चूल मागितली आहे असंही वकील म्हणाले.

सत्यभामाबाई दाराशी उभ्या होत्या, पहिल्या दिवशी उभ्या होत्या त्याच जागी. सभा उठल्यावर मी मुद्दाम रेंगाळलो. त्या म्हणाल्या, "आता तुमचं येणं व्हायचं न्हाई."

मी म्हटलं, काम तर झालं.

"व्हय. काम झालं," त्या म्हणाल्या. आणखी काही बोलतील म्हणून थांबलो होतो. पाचची बस हॉर्न देत होती. निघालो.

शाल खुंटीला टांगली आहे. नारळ कुणासाठी फोडायचा?

३ एप्रिल

सकाळी सवयीनं स्टँडवर गेलो, तिथं चंद्रम्मा भेटली. लेकीकडे निघाली होती. मला बघून तोंड फिरवलं. मी जवळ जाऊन म्हटलं, चंद्रम्मा, तुमची चूल मोडायला लावली, मला माफ करा.

"माझी चूल?" ती म्हणाली. "मी मुलींच्याच पातेल्यातलं खाते की ओ, अण्णा. ती तुमची चूल हुती."

तिनं पिशवी खाली ठेवली.

"पयल्या दिवशी तुमीच म्हणलाव न्हवं का, आमच्या घरात कांदा-लसूण येऊ दिला न्हाई म्हणून. दुसऱ्या दिवशी सत्यभामाअक्कानं गोठ्यामागं चूल मांडली. मुली शाळंला गेल्या की अंघोळ करायची, वल्या लुगड्यानं तुमचं रांधायचं, नि एक वाजेस्तोवर गरम ठेवायचं. मंग चहा. थंडीतबी तसंच. मी म्हणलं, अक्का, मराल. तर म्हणली, त्येंच्या बायकूनं पाळलेलं मी कामून मोडू?"

तिची बस लागली होती. ती निघून गेली. मी तिथंच बाकावर बसलो.

एकतीस वर्षं चोऱ्या पकडल्या. सात किलोची गळती शोधायला गच्चीवर चढलो, धूर पाहिला, चूल पाहिली, ओलं लुगडं पाहिलं. रोज त्याच पितळेच्या फुलपात्रात चहा प्यालो. एक वाजता गरम भाकरी कुठून येते, हा प्रश्न मला सहा महिन्यांत एकदाही पडला नाही. वर तिलाच विचारायला लावलं की ती कुणासाठी आहे हे ठाऊक आहे का, आणि ठाऊक आहे म्हणून सांगितलं. तिनं त्याचा काय अर्थ घेतला असेल?

आणि मी तर ढाब्यावर बसून कांदा खाणारा माणूस. तिच्या हातच्या भेगा कशाच्या होत्या ते आज समजलं. शारदा, तू म्हणायचीस ते खरं होतं. मी तोंडं बघितली नाहीत.

५ एप्रिल, रविवार

रविवारची बस दहाला असते, हे आजवर माहीत नव्हतं.

गेलो तेव्हा मुलींची पंगत बसत होती. ऑफिसात गेलो नाही. सरळ आत जाऊन शेवटच्या मुलीच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. एका मुलीनं ताटली आणून पुढं ठेवली. चंद्रम्मा नव्हती, सत्यभामाबाईच वाढत येत होत्या. झुणका वाढत वाढत माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"साहेब, झुणक्यात कांदा हाय. लसूणबी हाय."

मी म्हटलं, "असू द्या. ती पाळणारी गेली. मी पाळत नाही. आधीच सांगायला हवं होतं."

त्या उभ्याच. पळी हातात तशीच.

"ती चूल मी दुसऱ्या कुणाची समजलो," मी म्हटलं. "माझी आहे हे कळलं असतं तर हात लावू दिला नसता. पण मला तिची गरज नव्हती. मला एवढंच पाहिजे होतं, सगळ्यांच्यातलं."

चौतीस मुली ऐकत होत्या. सांगून टाकलं. मग त्यांनी वाढलं. एकदा वाढलं, पुढं गेल्या नाहीत, पुन्हा वाढलं. आणि पाठ वळवून डोळ्याला पदर लावला. त्या स्वयंपाकघरात आता धूर नसतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

झुणका तिखट होता. नाकातोंडातून पाणी आलं. पोरी हसायला लागल्या, मीही हसलो. चार वाजता चहा आला तो मोठ्या चुलीवरचा, ॲल्युमिनियमच्या कपात, मुलींच्या कपासारख्याच. बाई स्वतःचा कप घेऊन पायरीवर बसल्या. परीक्षा दहा तारखेला संपतात, मग सुट्टी, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मग तुम्ही खटकचिंचोळीला. त्या कपात बघत म्हणाल्या, "औंदा न्हाई जायची. गुलाबाला पाणी घालायला कुणीतरी पायजे."

गुलाबाची झाडं चार. त्यांना किती पाणी लागतं आणि त्याला किती माणसं लागतात, याचा मी बसमध्ये हिशोब करायला घेतला होता. मग सोडून दिला.

नोकरीत असताना आदल्या दिवशी आकडा भरून ठेवणाऱ्या तिघांना मी मेमो दिला होता. रीडिंग जागेवर जाऊन, डोळ्यांनी बघूनच लिहायचं, हा नियम. आज स्वतः मोडतो.

६ एप्रिल: अकराची बस.
७ एप्रिल: अकराची बस.
११ एप्रिल, सुट्टी: अकराची बस.